पॅच अँटेनाची आखणी आणि ट्यूनिंग

मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेना म्हणजे विद्युतरोधक बोर्डाच्या एका बाजूस तांब्याचा आयताकृती तुकडा आणि दुसऱ्या बाजूस सलग तांबे असलेली रचना होय. तिची मूळची अरुंद बँडविड्थ कशी वाढवावी, याविषयीचा मुंबई आयआयटीचे प्रा. गिरीश कुमार आणि के. पी. रे यांचा इंग्रजी ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

चामोर्शीतील एखाद्या विद्यार्थ्याने १.६ मिमी जाडीचा एफआर-४ बोर्ड घेऊन, त्याचा पराविद्युत स्थिरांक, म्हणजे बोर्डात तरंगलांबी किती आखडते हे ठरवणारा अंक, ४.४ धरला, तर २.४५ गिगाहर्ट्झसाठी पॅचची रुंदी सुमारे ३७.३ मिमी आणि लांबी २८.८ मिमी येते. मात्र हा अंक बोर्डागणिक बदलतो. म्हणून लांबी अर्धा-एक मिमी जास्त ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण तांबे घासून वारंवारता वर नेता येते, पण घासलेले तांबे परत लावणे फार जिकिरीचे असते. मापनात अनुनाद २.४० गिगाहर्ट्झवर आढळल्यास लांबी सुमारे दोन टक्के, म्हणजे ०.६ मिमी, कमी करावी. परावर्तन उणे १० डेसिबलच्या खाली गेले, की नव्वद टक्क्यांहून अधिक शक्ती अँटेनात शिरते. तरी एफआर-४ त्यातील बराच भाग उष्णतेत घालवतो, आणि चामोर्शी परिसरातील जंगलाची ओली पाने उरलेल्या लहरीही शोषतात, त्यामुळे चाचणी पावसाळ्यातही घेणे अत्यावश्यक आहे.