दुखणे काढणाऱ्यांचे दुखणे

'फार टेन्शन घेऊ नकोस, आजारी पडशील,' असे आपण एकमेकांना सांगतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. ताप थर्मामीटरने मोजता येतो. ताण कशाने मोजणार? अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जखमेने मोजला.

त्यांनी १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीवर स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाचे सारे काही करण्याचा भार. त्याच वयाच्या, तशाच मिळकतीच्या, पण हा भार नसलेल्या आणखी १३ जणी. प्रत्येकीच्या हातावर, कोपराखाली, साडेतीन मिलिमीटरची जखम केली आणि ती भरण्याची वाट पाहिली. दुसऱ्या गटातल्या जखमा सरासरी ३९ दिवसांत भरल्या. शुश्रूषा करणाऱ्यांना ४८ हून अधिक दिवस लागले. १९९५ साली 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले. अवघ्या २६ जणींवरून एवढे अनुमान कसे काढायचे, ही शंका रास्तच. पण पुढे १९९८ साली याच मंडळींचा ११ दंतवैद्यक विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकदा सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर त्यांच्या टाळूला तशीच जखम केली होती. परीक्षेच्या वेळी ती भरायला ४० टक्के जास्त वेळ लागला. इथे प्रत्येकाची तुलना स्वतःशीच होती.

असे का व्हावे? संकट दिसले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. रक्तात साखर वाढते, तातडीची नसलेली कामे शरीर मागे ठेवते. घटकाभरासाठी ही व्यवस्था उत्तमच. जखम भरण्याची सुरुवात मात्र सुजेपासून होते: पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंचा फडशा पाडतात, दुरुस्तीचे निरोप धाडतात. कॉर्टिसॉल नेमके हेच दाबते. (अवयवरोपणानंतर शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून त्याच जातीची औषधे देतात, ती याच गुणासाठी.) संकट वर्षानुवर्षे हटलेच नाही, तर उलटाही घोटाळा होतो. पेशी कॉर्टिसॉलला जुमानेनाशा होतात आणि वेळीच ओसरायला हवी ती सूज अंगात रेंगाळत राहते.

म्हणून प्रत्येक आजार ताणाच्या माथी मारणेही बरे नव्हे. जठरातला अल्सर काळजीने होतो असे कित्येक वर्षे समजत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू दाखवून दिला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले.

'सासऱ्यांचे सगळे दुखणे तिने काढले हो,' असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. दवाखान्यात फाइल घेऊन तीच येते, गोळ्यांच्या वेळा तिलाच पाठ. तिचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी पाहिला, हे सहसा कोणी विचारत नाही. रुग्ण गेला की 'सुटली बिचारी' म्हणतात. किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने अशा 'सुटलेल्यां'चेही रक्त तपासले होते. ते संशोधन १९९४ सालचे. जोडीदार जाऊन दोनएक वर्षे उलटली होती, तरी विषाणूंशी लढणाऱ्या त्यांच्या मारक पेशींचा प्रतिसाद अजून शुश्रूषेत अडकलेल्यांइतकाच मंद होता.