दोन नद्यांमधला कलह
एखाद्या भूमीच्या वाट्याला वारंवार संग्राम आले, की त्याचे कारण तेथील लोकांच्या स्वभावात शोधण्याची आपली खोड जुनी आहे. परंतु कृष्णा आणि तुंगभद्रा यांमधील रायचूरच्या दुआबाकडे पाहिले, म्हणजे रयत बिचारी नांगर धरून असताना भूगोलच कलह कसा मांडतो, हे ध्यानात येते. काळी कसदार जमीन, तिचा महसूल, हट्टीच्या परिसरातील सोने आणि रायचूर-मुद्गलचे बळकट किल्ले एवढे ऐश्वर्य ज्या मुलखात एकवटले, त्याच्या दोन्ही अंगांस प्रबळ सत्ता असाव्यात, हे त्याचे दुर्दैव. विजयनगर १३३६ मध्ये आणि बहमनी सल्तनत १३४७ मध्ये उदयास आल्यावर, बहमनी दरबारास तुंगभद्रा व विजयनगरास कृष्णा हीच आपली स्वाभाविक सरहद्द वाटू लागली, आणि मुलूख पिढ्यान्‌पिढ्या या हातातून त्या हातात जात राहिला. या झगड्याला केवळ धर्मवैर म्हणणे सोयीचे खरे. पण त्यापूर्वी याच भूमीसाठी झुंजलेल्या चालुक्य-चोलांना तो खुलासा लागू पडत नाही, आणि विजयनगरच्या फौजेत तर मुसलमान स्वारही चाकरीस होते. १५२० मध्ये विजयनगरच्या कृष्णदेवरायाने, बहमनी सत्तेच्या फुटीतून उभ्या राहिलेल्या विजापूरच्या इस्माईल आदिलशहाचा पराभव करून रायचूर घेतले. १५६५ च्या तालिकोटच्या संग्रामात विजयनगर हरल्यानंतर तेथे पुन्हा विजापूरचा अंमल बसला.