पुस्तकातील फेणे आणि पडद्यावरील फेणे

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे घरोघरी वाङ्मयप्रकारांनुसार पुस्तके मांडली असून बालसाहित्यासही त्यांत स्थान आहे. अशा ठिकाणी ‘फास्टर फेणे’ हाती घेणाऱ्या मुलास भा. रा. भागवतांचा बनेश शाळकरीच भेटतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रदर्शित झालेल्या, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात मात्र तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण आहे.

बालपणी ही पुस्तके वाचलेल्या प्रेक्षकास हा बदल प्रथम खटकतो. आपला सवंगडी हिरावला गेला, असे त्यास वाटते. परंतु मोठा झाला आहे तो वाचक. चित्रपटाने नायकासही बालपणापलीकडे नेले, आणि दिलीप प्रभावळकरांनी साकारलेल्या भागवतांच्या व्यक्तिरेखेद्वारा मूळ लेखकाचे ऋण मान्य केले. यात हानीही आहे: ज्या मुलासाठी फेणे जन्मला, त्याच्या वयाचा फेणे या पडद्यावर नाही.

म्हणून रूपांतराचे मूल्यमापन करताना ते मुळाशी किती इमान राखते, एवढेच पाहून भागत नाही. कोणत्या वयाच्या वाचकाशी राखते, हेही पाहावयास हवे.