जुन्या जीपचे इंजिन : असल कोणते, बदललेले कोणते?

कापडाच्या धंद्यात आमची उभी हयात गेली. थान हाती आले की पोत आम्ही नंतर पाहतो, आधी किनारीवरचा मिलचा छाप वाचतो. जुनी जीप घेणाऱ्यानेही हेच करावे. पण आपले लोक रंग आणि टायर पाहूनच बयाणा देऊन मोकळे होतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोस्ताच्या मुलाला 'युद्धातली, १९४४ ची असल जीप' दाखविण्यात आली. पैसा वडिलांच्या ग्रॅच्युइटीचा होता. बयाणा देण्याआधी तो आमच्याकडे आला, "चाचा, एकदा नजर टाका." आम्हाला यंत्रातले काय कळणार? आम्ही मोहल्ल्यातील एका बुजुर्ग मिस्त्रींना सोबत घेतले. त्यांनी जे दाखविले ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल.

नंबर कोठे असतो?

विलिस जीपच्या ब्लॉकवर, पुढे उजव्या अंगाला, पाण्याच्या पंपामागे एक लहान सपाट जागा असते. इंजिन नंबर तेथे ठोकलेला असतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने ती जागा पुसावी, पॉलिश पेपर लावू नये. ब्लॉकवर उठावाचे आकडेही दिसतात, ते ओतकामाचे असतात. त्यांना इंजिन नंबर समजण्याची चूक पुष्कळ जण करतात.

नंबरापुढची अक्षरे महत्त्वाची. 'एमबी' म्हणजे विलिसचे युद्धकालीन इंजिन. त्याच नमुन्यावर फोर्डने बनविलेले ते 'जीपीडब्ल्यू'. १९४५ नंतरच्या नागरी जीपला 'जे' आणि १९५३ पासूनच्या सीजे-३बी ला '४जे'. फोर्डच्या जीपवर इंजिन व चेसिसचा नंबर मुळात एकच असे, विलिसच्या जीपवर ते वेगळे असत. म्हणून विलिसचे दोन नंबर जुळले नाहीत, एवढ्यावरून कोणाला लबाड ठरवू नये.

डोळ्यांनी ओळख

दोन्ही इंजिने चार सिलिंडरची, सुमारे २.२ लिटरची. जुन्या 'गो डेव्हिल'चे हेड सपाट, स्पार्क प्लग वर उभे आणि सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. ताकद ६० अश्वशक्ती. नंतरच्या 'हरिकेन'मध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, त्यामुळे इंजिन उंच झाले. सीजे-३बी चे बॉनेट उंच दिसते ते यामुळेच.

आपल्याकडे रस्त्यावर अधिक दिसली ती हीच उंच बॉनेटची जीप, महिंद्राने बनविलेली. १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' या नावाने पोलादाच्या व्यापारात उतरलेली ही पेढी. भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. पुढे डिझेल स्वस्त म्हणून कित्येक पेट्रोल जीपांत डिझेल इंजिने बसविली गेली. बॉनेटखाली डिझेल आणि कागदावर पेट्रोल अशी गाडी दिसली तर तेथेच थांबावे.

कागद आणि लोखंड

मिस्त्रींनी नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरविली. ठसा उमटला तो 'जे' ने सुरू होणारा. म्हणजे इंजिन युद्धानंतरचे. आर.सी. बुकात मात्र 'एमबी'चा नंबर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आर.टी.ओ. च्या मंजुरीने बुकात चढवावा लागतो. तो चढविला नसेल तर गाडी नावावर करताना घोडे अडते आणि पैसा अडकतो.

विकणाऱ्याला विचारले. ते शांतपणे म्हणाले, "इंजिन वडिलांनी बदलले होते. आम्हाला कोणी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही." नंबर घासलेला नव्हता, चोरीचा माल नव्हता. नुसते मौन होते, आणि त्या मौनाची किंमत ग्राहक भरणार होता.

सौदा मोडला नाही. आधी इंजिनाचा बदल बुकात चढवून घेण्याचे ठरले, भाव उतरला, आणि मग बयाणा दिला गेला. बदललेले इंजिन हा ऐब नव्हे. साठ-सत्तर वर्षे चाललेल्या गाडीत तो होणारच. पण पॉलिस्टरला सूत म्हणून विकणे आणि बदललेल्या इंजिनाला असल म्हणून विकणे, यात आम्हाला तरी फरक दिसत नाही. घेणाऱ्याने ठसा घ्यावा, विकणाऱ्याने न विचारता सांगावे.