‘नाही’ म्हणण्याची मुभा



देवमंदिरात विवाह होण्यापूर्वी वर आणि वधू यांना धर्मग्रामाच्या कार्यालयात वेगवेगळे बसवून काही प्रश्न विचारले जातात. त्यांतील एक प्रश्न असा असतो : हा विवाह आपण स्वतःच्या इच्छेने, कोणाच्याही दबावाविना करीत आहात काय? बहुतेकांना हा प्रश्न केवळ औपचारिक वाटतो. ‘होय, फादर’ एवढे म्हणून ते पुढच्या प्रश्नाची वाट पाहतात. काही वर्षांपूर्वी मात्र एका तरुणीने या प्रश्नावर बराच वेळ मौन पाळले आणि मग आम्हांलाच विचारले, ‘फादर, आता नाही म्हटले तर चालेल का?’

हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तो मुलगा रोज तिचा मोबाईल तपासत असे आणि त्याने दोनदा तिच्यावर हात उगारला होता. घरी सांगितले तेव्हा ‘लग्नानंतर सुधारेल’ असे उत्तर तिला मिळाले होते. आम्ही तिला म्हटले, ‘चालेल.’ ते लग्न झाले नाही. अधिक तपशील देणे उचित नव्हे. परंतु तो प्रश्न विचारायला तिला शेवटच्या क्षणापर्यंत का थांबावे लागले, ही खंत आमच्या मनातून गेलेली नाही. आजचा लेख त्या खंतेपोटी लिहीत आहोत.

ख्रिस्तसभेची धर्मसंहिता १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जाहीर केली. तिच्या १०५७व्या कलमानुसार विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने, आणि त्या संमतीची उणीव जगातील कोणतीही सत्ता भरून काढू शकत नाही. आईवडील नाहीत, समाज नाही, धर्मगुरूही नाही. ११०३वे कलम त्याहून स्पष्ट आहे : बळजबरीने किंवा बाहेरून लादलेल्या गंभीर भीतीपोटी दिलेली संमती विवाह घडवू शकत नाही. म्हणजे ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती, त्याचे ‘होय’ वेदीसमोर उच्चारले गेले तरी पोकळच राहते.

ही मुभा लग्नाच्या दिवशी अचानक मिळत नाही. ती मैत्रीच्या पहिल्या महिन्यापासून जपावी लागते. म्हणूनच ‘आमचे नाते निरोगी आहे हे कसे ओळखावे?’ असे युवक-युवती विचारतात तेव्हा आम्ही एकच कसोटी सुचवितो. एखाद्या लहानशा गोष्टीला ‘नाही’ म्हणून पाहा. आज भेटता येणार नाही, पासवर्ड देणार नाही, तसा फोटो पाठविणार नाही. समोरची व्यक्ती थोडी हिरमुसेल, ते स्वाभाविक आहे. परंतु ती तुमचा निर्णय मान्य करते, की अबोला, धमकी, संशय आणि ‘तुझे माझ्यावर प्रेमच नाही’ अशा शब्दांनी तुम्हांला नमवू पाहते? मित्रमैत्रिणींपासून तोडणे, कपड्यांवर आणि पैशांवर नजर ठेवणे, आत्महत्येची धमकी देणे ही प्रेमाची उत्कटता नव्हे, ताबा आहे. हात उगारला गेला असेल तर तो पहिलाच प्रसंग पुरेसा समजावा. महिलांसाठी १८१ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ (टेलि-मानस) हे शासकीय दूरध्वनी क्रमांक आहेत. मुलग्यांनीही हे लक्षात घ्यावे, कारण दबाव त्यांच्यावरही येतो आणि ते तो बोलून दाखवीत नाहीत.

आता शरीराविषयी. आपल्या घरांतून या विषयावर एक जाड पडदा टाकलेला असतो. ख्रिस्ती श्रद्धेलाच हे मौन अपेक्षित आहे अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुस्थिती उलट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच, ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात, मुलांना वयानुरूप, सकारात्मक व विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या भेटींत मानवी देहाच्या अर्थावर सविस्तर प्रवचने दिली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या बोधपत्रात या शिक्षणासाठी स्वतंत्र विभागच योजिला. पवित्र शास्त्रात ‘गीतरत्न’ आहे, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. देह हा पवित्र आत्म्याचे मंदिर आहे अशी संत पौलाची शिकवण आहे. मंदिराची निगा राखायची तर त्याविषयी बोलावे लागतेच.

शरीरसंबंध हे विवाहातील संपूर्ण आत्मदानाचे चिन्ह आहे आणि त्याचे स्थान विवाहात आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ती आम्ही येथे सौम्य करीत नाही. परंतु आरोग्याची तथ्ये लपवून ही शिकवण बळकट होत नाही. पुण्यातील संशोधकांनी १९९७ साली एक वेदनादायक सत्य जगापुढे ठेवले : पतीखेरीज ज्यांचा कोणाशीही संबंध आला नव्हता, अशा विवाहित स्त्रियांनाही एचआयव्हीची लागण झाली होती. त्यांची निष्ठा पूर्ण होती, परंतु त्यांना सत्य सांगितले गेले नव्हते.

म्हणून काही गोष्टी सरळ सांगतो. लैंगिक संबंधांतून पसरणारे अनेक आजार दीर्घकाळ कोणतेही लक्षण दाखवीत नाहीत, त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ हा पुरावा ठरत नाही. उपदंशासारखे आजार वेळीच औषध घेतल्यास पूर्ण बरे होतात. निरोधाच्या योग्य वापराने संसर्गाचा धोका बराच कमी होतो, मात्र पूर्ण नाहीसा होत नाही, हे वैद्यकीय तथ्य आहे. एचआयव्हीची तपासणी शासकीय रुग्णालयांतील केंद्रांत मोफत व गोपनीय रीतीने होते आणि माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. २०१७ च्या कायद्यानुसार ही तपासणी व्यक्तीच्या संमतीनेच करावी लागते. उपचार शासनातर्फे मोफत मिळतात. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत न आढळण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. लागण झालेल्या व्यक्तीला समाजाने वाळीत टाकण्याचे कारण पूर्वीही नव्हते, आज तर मुळीच नाही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. त्याचे कारण एचपीव्ही हा विषाणू. तो इतका सर्वसामान्य आहे की त्याचा संसर्ग म्हणजे दुराचाराचा पुरावा नव्हे. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे राहतो आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. यावर लस आहे. ती ९ ते १४ या वयात सर्वाधिक उपयोगी पडते आणि पुढील वयात डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लसही २०२३ पासून मिळू लागली. ‘लस दिली तर मुलगी बिघडेल’ असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच विचारू : धनुर्वाताची लस दिली म्हणून कोणी मूल मुद्दाम गंजलेल्या खिळ्यावर पाय देते काय?

लग्न ठरत असताना दोघांनी एकमेकांना आपल्या आरोग्याविषयी खरे सांगावे. जुना आजार, चालू असलेली औषधे, मानसिक उपचार, अपत्यप्राप्तीबाबतची ज्ञात अडचण यांपैकी काहीही लपवू नये. थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करून घ्यावी, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. धर्मसंहितेचे १०९८वे कलम सांगते की, वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कळीत करू शकेल असा एखादा गुणदोष लपवून, संमती मिळविण्यासाठी फसवणूक केली असेल, तर तो विवाह अवैध ठरतो. ही माहिती जोडीदाराच्या हक्काची आहे, गावाच्या नव्हे. म्हणून ती जिच्या कानावर पडते, त्या व्यक्तीने ती आपल्यापुरती ठेवावी.

कायद्याविषयीही थोडे. १८ वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधास दिलेली संमती २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार संमती ठरत नाही, मग मुलामुलीचे एकमेकांवर कितीही प्रेम असो. पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या ६९व्या कलमाखाली गुन्हा आहे. खासगी छायाचित्रे पसरविण्याची धमकी कोणी देत असेल, तर पैसे देऊ नका, घाबरून संदेश पुसू नका. ते जपून ठेवा आणि १९३० या क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. त्यात लाज वाटायची तर ती धमकी देणाऱ्याला वाटावी.

आणि चूक घडलीच, लग्नाआधी दिवस राहिले, तर? अशा वेळी घरात पहिला विचार येतो तो लगबगीने लग्न उरकण्याचा. पालकांनो, थोडे थांबा. भीतीपोटी लावलेले लग्न कसे असते, ते वर सांगितले आहे. प्रथम मुलीला डॉक्टरांकडे न्या, तिला जेवू घाला, तिचे ऐका. गर्भातील जीव हे देवाचे दान आहे आणि ती मुलगी हेही देवाचेच दान आहे. दोघांचाही स्वीकार करणारे घर आणि धर्मग्राम तिला लाभले पाहिजेत. लग्न करायचे की नाही, हे त्या दोघांना शांतपणे आणि मोकळेपणाने ठरवू द्या.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबविषयक बोधपत्रात विवाहाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले. त्यांतला पहिला बालपणापासून घरातच सुरू होतो. म्हणजे विवाहपूर्व शिबिरातील दोन-तीन दिवस हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे. मुलाने ‘नाही’ म्हटल्यावर त्याचे ऐकून घेणारी आई, पत्नीच्या ‘नाही’चा मान राखणारा वडील, हीच मुलांची खरी विवाहशाळा होय.

नाझरेथमध्ये घडलेला प्रसंग आठवा. गाब्रिएल देवदूत निरोप घेऊन आला. मरियेने प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिले आणि मग तिने आपली संमती दिली. सर्वसमर्थ परमेश्वराने एका तरुण मुलीला विचारले आणि तिच्या उत्तराची वाट पाहिली. देव जर इतका थांबतो, तर एकमेकांवर प्रेम करणाऱ्या दोघांनी, आणि त्यांच्या आईवडिलांनी, थांबायला काय हरकत आहे?

आमच्या कार्यालयात तो प्रश्न आम्ही आजही विचारतो. आता मात्र तो विचारल्यावर लेखणी खाली ठेवतो आणि उत्तरासाठी पुरेसा वेळ देतो.