दर्शनाचा पडदा किती सूक्ष्म असावा?
गणेशोत्सवाच्या निमित्ताने नवा दूरचित्रवाणी संच घेऊ पाहणाऱ्या भाविक कुटुंबांसाठी

श्रावणसरी ओसरू लागल्या की कोकणातील घराघरांत गणरायाच्या आगमनाची चाहूल लागते. भिंतींना रंग दिला जातो, मखराची जुळवाजुळव सुरू होते, समया आणि निरांजने घासूनपुसून लख्ख केली जातात. अलीकडे या तयारीच्या यादीत आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. ती म्हणजे नवा दूरचित्रवाणी संच. मुंबईला नोकरी करणारा मुलगा सणाला गावी येतो, आणि ज्यांच्याने आता पंढरीची वाट चालवत नाही अशा आईवडिलांना आषाढीची महापूजा घरबसल्या नीट दिसावी म्हणून संच आणण्याचे मनावर घेतो. हेतू अत्यंत स्तुत्य आहे. परंतु दुकानात पाऊल टाकताच ‘एचडी रेडी’, ‘फुल एचडी’, ‘४के’, ‘एचडीआर’ अशा शब्दांचा भडिमार होतो आणि भला माणूस गोंधळून जातो. कष्टाचे पैसे खर्च व्हावेत आणि विठोबाचे मुख मात्र पूर्वीइतकेच पुसट दिसावे, असे होऊ नये म्हणून हा विषय सणाच्या पानावर घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचाराला निघताना आम्हाला आठवते ते पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म येथे झाला. विनोबांनी आपल्या बालपणाच्या आठवणी सांगताना आजोबा शंभुराव यांच्या गणेशपूजेचे चित्र रंगविले आहे. घरातील मुले चंदन उगाळीत आणि त्या उगाळलेल्या गंधातून आजोबा गणपतीची मूर्ती घडवीत. उत्सव संपला की तीच मूर्ती पाण्यात विसर्जित होई. रूप आणि भक्ती यांचा संबंध काय, हे सांगणारा याहून सोपा धडा आम्हाला ठाऊक नाही. त्याच पेण परिसरातील मूर्तिकारांनी गणेशमूर्तींसाठी देशोदेशी कीर्ती मिळविली आहे. मूर्ती घडते, रंगते, आणि सर्वांत शेवटी कुशल हात डोळ्यांची आखणी करतो. ती रेघ जितकी नाजूक, तितकी मूर्ती बोलकी. पडद्यावरील चित्राचीही गोष्ट अशीच आहे. तेथे कुंचल्याच्या जागी प्रकाशाचे ठिपके असतात, एवढाच फरक.

ठिपक्यांचा हिशेब

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चित्र कृष्णधवल होते. १९८२ साली रंग आले. विनोबांनी पवनार येथे देह ठेवला ते हेच वर्ष. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी संचाला हार घालून, उदबत्ती लावून कुटुंबे समोर बसू लागली. त्या काळच्या चित्रात प्रत्यक्ष दिसणाऱ्या आडव्या रेषा ५७६ होत्या. आजच्या भाषेत सांगायचे तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. यालाच आता साधे अथवा ‘एसडी’ चित्र म्हणतात.

त्यापुढची पायरी १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९ लाख २१ हजार ६०० ठिपके. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३२ इंची संचांचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो. तो उच्च दर्जाचे चित्र स्वीकारतो, परंतु ते बारीक करून दाखवितो. ‘फुल एचडी’ म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. ‘४के’ म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८२ लाख ९४ हजार. फुल एचडीच्या बरोबर चौपट.

आकड्यापुढील अक्षराकडेही लक्ष असावे. ‘१०८०आय’ या पद्धतीत एका वेळी एकाआड एक रेषा पाठविल्या जातात. आधी विषम, मग सम. ‘१०८०पी’ मध्ये सर्व रेषा एकदम येतात. आपल्याकडील एचडी वाहिन्या सामान्यतः पहिल्या पद्धतीने, सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांच्या गतीने प्रक्षेपण करतात. त्या अर्ध्यांची जोडणी संचालाच करावी लागते. ही जोडणी कच्ची असली तर वेगाने ओवाळल्या जाणाऱ्या पंचारतीच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. म्हणून दुकानात स्थिर निसर्गचित्र पाहून भुलू नये. एखाद्या वाहिनीवरील हलते दृश्य लावून दाखविण्याचा आग्रह धरावा.

बैठकीचे अंतर

ठिपके वाढले म्हणजे चित्र आपोआप अधिक स्पष्ट दिसते, हा मोठा गैरसमज आहे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. या मापाने गणित मांडले तर फुल एचडी चित्राचा सगळा तपशील टिपण्यासाठी पडद्याच्या उंचीच्या सुमारे सव्वातीन पट अंतरावर, आणि ४के साठी दीडपटीहून किंचित अधिक अंतरावर बसावे लागते. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे २१ इंच. म्हणजे फुल एचडीसाठी साडेपाच फूट, आणि ४के साठी तीन फुटांहूनही कमी! आपल्या माजघरात वडीलधारी मंडळी भिंतीला टेकून आठ फुटांवर बसतात. तेथून या आकाराच्या पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतील फरक चांगल्या नजरेलाही कळणार नाही. मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजींची कथा काय? आजींना उपयोगी पडेल तो आकार. मोठा पडदा किंवा जवळची बैठक.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

दुसरा प्रश्न असा की चित्र मुळात कोणत्या दर्जाचे येते? मासिक शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिशवरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. सशुल्क सेवेतही एचडी पेटी आणि एचडी वाहिनी घेतली नसेल तर तेच. पेटीपासून संचापर्यंत पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांची जुनी तार जोडली असेल तर एचडी चित्रही वाटेतच साधे होते. त्यासाठी एचडीएमआय तारच हवी. हजारो रुपयांच्या संचाचे तेज एका जुन्या तारेपायी वाया गेल्याची घरे आम्ही पाहिली आहेत.

जुन्या भक्तिपर कलाकृतींबाबतही हाच न्याय. ‘रामायण’ मालिका त्या काळच्या व्हिडिओफितीवर चित्रित झाली. त्या फितीत नसलेला तपशील ४के संच निर्माण करू शकत नाही. तो केवळ ठिपके ताणून मधली जागा अंदाजाने भरतो. उलट प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ चित्रपट फिल्मवर टिपलेला आहे. फिल्मची प्रत चांगली राहिली असेल तर तीतून एचडी दर्जाचे चित्र काढता येते. मालिकेहून पन्नास वर्षांनी जुना असलेला चित्रपट नव्या पडद्यावर अधिक खुलू शकतो, ही मौजच म्हणावयाची!

आणखी एक सूचना. जुनी चित्रे चारास तीन या प्रमाणाची, तर नवे पडदे सोळास नऊ. पडदा भरावा म्हणून चित्र आडवे ताणले की प्रभू रामचंद्रही स्थूल दिसू लागतात. लंबोदराला ते शोभेल, कोदंडधारीला नव्हे! दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चित्र मूळ प्रमाणातच ठेवावे.

गाभाऱ्यातील अंधार

दर्शनासाठी ठिपक्यांहून महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. काळ्या पाषाणाची मूर्ती, मंद गाभारा आणि मध्ये तेवणारी ज्योत. या दृश्यात प्रकाश व अंधार दोन्ही टोकांना असतात. ज्या संचाचा काळा रंग राखाडी दिसतो त्यावर पाषाणाचे बारकावे हरवतात. ओएलईडी प्रकारात प्रत्येक ठिपका स्वतः विझू शकतो, म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. परंतु किंमत बरीच जास्त असते. साध्या एलईडी संचात मागील दिवे सतत जळत असल्याने ही मर्यादा राहतेच. ‘एचडीआर’ म्हणजे प्रकाशछटांचा विस्तार वाढविणारी पद्धत. तीत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या असतात, त्यामुळे धुपाच्या धुरात पट्टे न उमटता छटा अलगद मिसळतात. मात्र स्वस्त संचावरील हे अक्षर पुष्कळदा नावापुरतेच असते. संच ते चित्र स्वीकारतो, पण दाखविण्याइतकी प्रखरता त्याच्यात नसते. दुकानात संच नेहमी भडक रंगांवर लावलेला असतो. तो ‘सिनेमा’ रंगसंगतीवर आणवून अंधारे दृश्य पाहावे, मगच निर्णय करावा.

मग घ्यावे काय?

बैठक पाच-सहा फुटांवर, घर लहान आणि फ्री डिशच पाहावयाची असेल तर ३२ इंची एचडी रेडी संच पुरेसा आहे. एचडी पेटी घेणार असाल आणि बैठक सात-आठ फुटांवर असेल तर ४३ इंची फुल एचडी उत्तम. या आकारात ४के संच जवळपास त्याच किमतीत मिळाला तर अवश्य घ्यावा, परंतु केवळ त्या अक्षरासाठी जास्त पैसे मोजू नयेत. पंचावन्न इंचांपुढे, जवळून पाहणारे तरुण घरात असतील आणि वेगवान इंटरनेटही असेल, तर ४के चा खर्च सार्थकी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे मोठा आकार पूर्वीइतका आवाक्याबाहेर राहिलेला नाही. उरलेल्या पैशांतून चांगली तार आणि जमल्यास वेगळा ध्वनिक्षेपक घ्यावा; अभंगाला स्पष्ट स्वर हवा, आणि पातळ संचांचा आवाज बहुधा पातळच असतो.

आता शेवटचे. संच मखराच्या शेजारी मांडू नये, आणि घरची आरती चालू असता तो बंद असावा, असे आम्हाला मनापासून वाटते. पडद्यावरील दर्शन हे ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी आहे; घरी आलेल्या देवाकडे पाठ फिरविण्यासाठी नव्हे. गागोद्याच्या त्या घरात चंदन उगाळून घडविलेली मूर्तीही अखेर पाण्यात सोडली जात असे. रूपाला आवाहन करावे, मनोभावे पूजावे आणि वेळ होताच त्याचा मोह सोडावा, हीच आपली रीत. नव्या पडद्यालाही ती लागू पडते. आवाहनाची कळ आणि विसर्जनाची कळ एकच आहे. ती आपल्या हाती राहो, हीच विघ्नहर्त्याच्या चरणी प्रार्थना!