तिरकी रेघ आणि रिकामी जागा

सुट्टीत सहलीला गेलेल्या कुठल्याही मंडळींचे फोटो पाहा. मागे जुना राजवाडा, पुढे दोन्ही काकू आणि मुले, बाजूला मोटार, वर विजेच्या तारा! जे जे दिसले ते सारे चौकटीत मावले पाहिजे, असा आपला हट्ट. वास्तूचे छायाचित्र घेणाऱ्या कलावंताची रीत अगदी उलट. ‘काय घेऊ?’ असे न विचारता तो ‘काय वगळू?’ असे विचारतो. एखादा रंग, भिंतीचा खडबडीतपणा आणि एक तिरकी रेघ, एवढ्यावर त्याचे भागते.

या कलेतला मोठा माणूस म्हणजे १९१० साली हंगेरीत जन्मलेला ल्यूसियाँ एर्व्हे. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाची मार्सेय येथील नवी इमारत पाहायला तो १९४९ साली गेला आणि एका दिवसात त्याने तिची ६५० छायाचित्रे घेतली. ती पाहून कॉर्बुझिए इतका खूश झाला, की पुढे १९६५ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत एर्व्हेच त्याचा छायाचित्रकार राहिला. एर्व्हेचे दुसरे हत्यार होते कात्री! छापलेल्या चित्रातला अनावश्यक भाग तो बेधडक कापून टाकी. पुढे चंडीगडलाही तो आला. तिथल्या काँक्रीटवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे तसेच राहिले आहेत. अशा भिंतीवर ऊन समोरून पडले तर ती सपाट दिसते. पण सकाळी किंवा संध्याकाळी ते बाजूने घासून गेले, की फळीची शीर न् शीर उठून दिसते. पोत टिपायचा तर प्रकाश बाजूने हवा, हा पहिला धडा.

दुसरा धडा तिरक्या रेघेचा. कॅमेरा वाकडा धरून तिरकी रेघ कोणीही आणील. पण ती मुळात वास्तूत असली पाहिजे. जयपूरला सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेले सम्राट यंत्र पाहा. सुमारे ९० फूट उंचीची ही प्रचंड त्रिकोणी भिंत २७ अंशांनी चढत जाते, कारण जयपूरचा अक्षांशही तेवढाच आहे. त्यामुळे भिंतीची कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. तिची सावली मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते. म्हणजे तुम्ही चौकट जुळवीत बसलात, तर चित्र तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाते!

तिसरा धडा रंगाचा. दिल्लीच्या जंतरमंतरची लाल भिंत आणि वरचे निळे आकाश, एवढे दोनच रंग घ्या. तिरकी कड चौकटीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे जाऊ द्या. तिसरा रंग आला, मग ती कुणाची पिवळी पिशवी का असेना, की डोळा आधी तिकडेच धावतो.

पण इथेच खरा पेच पडतो. दिल्लीच्या या यंत्रांभोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. ज्या उन्हासाठी यंत्रे बांधली, ते ऊनच त्या अडवतात. सुंदर चित्रासाठी छायाचित्रकार नेमक्या त्याच इमारती वगळतो. मग ते चित्र खोटे म्हणायचे काय? माझ्या मते नाही. वगळल्यामुळेच वास्तूचा हेतू, तिचे उन्हाशी असलेले नाते, लख्ख दिसते. मात्र त्याच जागेवरून दोन पावले मागे सरून दुसरे चित्रही घ्यावे. त्यात त्या इमारती येऊ द्याव्यात. पहिले चित्र वास्तू काय आहे ते सांगेल. दुसरे, आपण तिचे काय केले ते.

आज मोबाइलमुळे घरोघरी कॅमेरा आहे. या दिवाळीत गावातल्या जुन्या वाड्याचा जिना, देवळाची दीपमाळ किंवा शाळेची कौलारू उतरण टिपून पाहा. शंभर फोटो नकोत. एकच घ्या, पण घेण्यापूर्वी चौकटीतल्या प्रत्येक वस्तूला विचारा, ‘बाई, तुझे इथे काय काम?’ जिला उत्तर देता येईल, तिलाच आत ठेवा.